पश्चिमेच्या खिडकीतली सकाळ

३ मार्च

प्रिय आत्या,

तुझ्या टाचणीचा नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत ठीक, जेवण वेळेवर, आणि केस तू म्हणायचीस तसे अजूनही झाडूसारखेच. गेल्या वर्षी घर बदललं. नव्या घराला तीन खिडक्या आहेत आणि तिन्हींतून शेजारच्यांच्या भिंती दिसतात. दिवसभर लोकांच्या खिडक्यांतलं ऊन मोजणाऱ्या बाईला घर मिळालं ते असं, म्हणून ऑफिसातले सगळे मनसोक्त हसून घेतात.

तुझं पत्र परवा ऑफिसात आलं. पाकिटावर पत्ता इतक्या मोठ्या अक्षरात, की पहारेकरी म्हणाला, "मॅडम, तुमच्या दुकानाची पाटी आली." तीन वर्षांनी तुझं पत्र! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असं मी मोठ्याने म्हणाले आणि पाकीट फोडलं, तर तुझी पहिलीच ओळ: 'गेले पंधरा दिवस माझ्या खोलीत सकाळचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून येतं आहे.' मी खूप हसले. पुढचं वाचलं तेव्हा हसू थांबलं.

समोरचं गोदाम पाडून गाड्या ठेवायची इमारत झाली हे मला माहीत आहे. तिच्या वरच्या कठड्यावर तिरकी सौर पॅनेलं लावली आहेत, हेही. सकाळचं ऊन तुमच्या छपरावरून पलीकडे जातं, त्या पॅनेलांवर आपटतं आणि वळून तुझ्या खिडकीत येतं. यात जादूटोणा काही नाही. पण काळ्या कोटाला रफू करताना तुझे डोळे दिपले आणि तू भलताच धागा कापलास, तोही दोनदा, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तू आणि भलता धागा!

तू विचारतेस, 'तू याच धंद्यातली ना? मग नगरपालिकेने मला पाठवलेला हा अहवाल खोडायचा कसा ते सांग. सव्वीस तारखेला सुनावणी आहे. ती झाली की कायमची परवानगी, आणि मग मी इथून उठायचं.'

योग्य माणसाला विचारलंस. फुशारकी वाटेल, पण या कामात माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कोणी नाही. आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते. आख्खी गल्ली संगणकात उभी करायची, एकेक भिंत, एकेक काच, मोजून. मग तिच्यावरून वर्षभराचा सूर्य मिनिटामिनिटाने फिरवायचा. आणि जिथे माणसं असतात तिथे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर एकेक ठिपका ठेवायचा. त्या ठिपक्याला आम्ही 'बघ्या' म्हणतो. बघ्याच्या डोळ्यात तिरीप किती मिनिटं येते, कुठल्या महिन्यात, किती वाजता, हे संगणक सांगतो. सूर्य चुकत नाही. गणितही सहसा चुकत नाही. चुकला तर बघ्याची जागा ठरवणारा चुकतो.

तेव्हा तू एवढंच कर. टेबल नेमकं कुठे आहे, खिडकीपासून किती अंतरावर, आणि तू बसलीस की जमिनीपासून तुझे डोळे किती उंच, हे मोजून कळव. आणि चार दिवस सकाळी तिरीप कधी येते, कधी जाते, ते घड्याळात बघून लिही. मोजमापासमोर कोणाचं काही चालत नाही.

एक विनंती. पत्रात तू अहवाल लिहिणाऱ्याला 'गाढव' म्हटलं आहेस. सुनावणीत असं बोलू नकोस, आत्या. त्याचं बाकीचं काम चांगलं आहे. म्हणजे, तू जे लिहिलंस त्यावरून तसं वाटतं.

मागच्या वेळचं काही मनात ठेवू नकोस. मीही ठेवलेलं नाही.

तुझी,
टाचणी


९ मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद. तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही.

तू सांगितलंस तसं सगळं मोजलं. शिवणाची टेप होतीच, खालच्या मजल्यावरचा कुलूपवाला घड्याळ घेऊन बसला. तो गंभीर चेहऱ्याने 'आली... आली... गेली' असं म्हणायचा, जसं काही गाडीच येते आहे फलाटावर. टेबल पश्चिमेच्या खिडकीपासून साठ सेंटिमीटर. मी बसले की डोळे जमिनीपासून एकशे बारा. तिरीप नऊ बाराला येते आणि नऊ सदतिसाला जाते. चारही दिवस मिनिटभर इकडेतिकडे. ती गेली तरी पुढे अर्धा तास माझ्यासमोर पांढरं धुकं असतं, तेव्हा माझ्या हिशेबी तास गेला. गिऱ्हाइकं सकाळीच येतात हे तुला ठाऊक आहे. परवा एकाने कोट हातात घेतला, बाहीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, 'बाई, या वेळी सापडलं हो कुठे फाटलं होतं ते.' चाळीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

तो अहवाल मी कुलूपवाल्याकडून वाचून घेतला. अक्षरं मुंगीएवढी छापतात. त्यात माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी धरलंय. तिथून ते हलवून दोन वर्षं झाली. का हलवलं ते विचारू नकोस, माझी खोली आहे. कुठल्यातरी जुन्या नकाशावरून उचललं असणार त्याने.

आणि गंमत पुढे आहे. शेवटच्या पानावर एक रकाना आहे, 'खोली प्रत्यक्ष पाहिली का?' त्यापुढे 'हो'. टाचणे, माझ्या दारात काळं कुत्रंही आलेलं नाही. मी घर सोडून जाते कुठे? मी कुलूपवाल्याला विचारलं, त्याने कोणी जिना चढताना पाहिलं का. तो म्हणाला, जिना चढणाऱ्याच्या पावलावरून तो ओळखतो कोण आहे, आणि नवा पाय कुठलाच नव्हता.

तेव्हा तुझी विनंती मला मान्य नाही. गाढव म्हणणार नाही, कारण गाढव प्रामाणिक असतं. मी सव्वीस तारखेला उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार, की हा तपासनीस क्रमांक ४१७ (अहवालाखाली नाव नाही, नुसता आकडा आहे) लबाड माणूस आहे, न बघता बघितलं म्हणतो. कुलूपवाला साक्षीला येतो आहे. त्याने त्यासाठी दाढी करायचंही कबूल केलं आहे.

मागच्या वेळचं मी मनात ठेवू नये असं तू लिहिलंस. तुझ्या मनातलं तू लिही, माझ्या मनातलं मी लिहीन.

आत्या


१५ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. या वेळी खुशालीचं नंतर.

तो लबाड माणूस बाई आहे. तपासनीस क्रमांक ४१७ म्हणजे मी.

जरा थांब, पाणी पी आणि मग पुढे वाच. किंवा कुलूपवाल्याला वाचायला दे, त्याच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

हे काम शरद ऋतूच्या सुरुवातीला आमच्याकडे आलं. नकाशा उघडला आणि आपली गल्ली दिसली. नातेवाईक राहत असतील तिथलं काम दुसऱ्याकडे सोपवायचं, असा आमचा नियम आहे. मी गप्प बसले. त्यात काही काळंबेरं नव्हतं, शपथ. मला वाटलं, ही गल्ली माझ्यापेक्षा नीट कोण करणार? इतरांना नकाशातून शिकावं लागेल, मला पाठ आहे. कुठल्या घराच्या खिडकीला सज्जा आहे, कुठल्या घराची काच धुरकट आहे, सगळं मी न बघता मांडलं. आणि तुझी खोली तर झोपेत मांडली असती. उत्तरेची खिडकी, तिच्याशी टेबल, टेबलाशी तू. 'उजेड हवा, ऊन नको,' असं म्हणत तू तिथेच बसायचीस ना. तिथे बघ्या ठेवला, सूर्य फिरवला, उत्तर आलं शून्य मिनिटं. मला आनंद झाला. आत्याला काही त्रास नाही म्हणून सही ठोकून मोकळी झाले.

'खोली प्रत्यक्ष पाहिली का?' या रकान्याशी मात्र थांबले होते. खोटं बोलणार नाही, चांगली पाच मिनिटं थांबले. मग स्वतःला म्हटलं, अकरा वर्षं राहिले त्या खोलीत, आणखी काय पाहायचं? आणि 'हो' लिहिलं.

खरं कारण वेगळं आहे. खोली बघायची तर तुझी घंटा वाजवावी लागली असती, आणि माझी हिंमत नव्हती.

मागच्या वेळचं मी मनात ठेवलेलं नाही, हे मी खोटं लिहिलं होतं. रोज आठवतं. तुझ्यासमोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्या मांडीवर घडी केलेला कोट होता, आणि मी म्हणाले, 'आत्या, बंद कर आता हे. हल्ली कोण रफू करतं? फाटलं की लोक नवं घेतात.' तू सुईवरची नजर न काढता म्हणालीस, 'तुला उशीर होतो आहे.' मला उशीर वगैरे काही होत नव्हता. मी मुक्कामाला आले होते. तरी पिशवी उचलली आणि जिना उतरले. पहिला महिना रागात गेला. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेत तीन वर्षं कशी जातात ते कळत नाही. चूक माझी होती. ज्या कामाने तू मला वाढवलंस त्याच कामाला मी परक्या माणसासमोर पायपुसणं केलं. मला माफ कर.

आता पुढचं ऐक, कारण हात जोडून बसायला मी हे पत्र लिहीत नाही.

तुझी मोजमापं आली त्याच दिवशी बघ्या पश्चिमेच्या खिडकीशी नेला, साठ सेंटिमीटरवर, एकशे बारा उंचीवर, आणि सूर्य पुन्हा फिरवला. संगणक म्हणतो, तिरीप नऊ अकराला येणार आणि नऊ अडतिसाला जाणार. कुलूपवाल्याला सांग, त्याला आमच्याकडे नोकरी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हा त्रास, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा. म्हणजे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि माझं शंभर टक्के चूक. उपाय सोपा आहे, आणि तो चालणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कठड्यावरच्या फक्त दोन रांगा बारा अंशांनी आडव्या करायच्या. मग वळलेलं ऊन तुझ्या छपरावरून आकाशात निघून जातं. वीज किंचित कमी होईल, इतकी किंचित की त्यांनी कुरकुर केली तर मी आकडेच समोर ठेवीन.

शुक्रवारी हे सगळं घेऊन मोठ्या साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "खोली पाहिली होतीस?"

"हो."

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तीन वर्षांत लोकांचे संसार मोडतात, बाई. आणि तू टेबल जागचं हलणार नाही असं धरलंस?"

मग त्या खोलीतली बाई माझी कोण तेही सांगितलं. त्यांनी वर्षभरासाठी माझा सहीचा अधिकार काढला. मी तयारीनेच गेले होते, तरी लागलं. पाच वर्षं राबून मिळवलेली सही होती ती. पण दुरुस्त अहवाल त्यांनी स्वतःच्या सहीने नगरपालिकेला पाठवला, त्यात चूक कोणाची आणि कशी, हे माझ्या शब्दांत आहे. सव्वीस तारखेला मीही सुनावणीला येणार. साहेब म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, आहे. तुला लबाड म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण, मी समोरच्या खुर्चीत असेन.

आता एक गोष्ट, जी तू विचारू नकोस म्हणालीस.

रफू करणारं माणूस उत्तरेची खिडकी सोडत नाही. ही गोष्ट मला तूच शिकवलीस. तिथला उजेड दिवसभर सारखा, धाग्याचा रंग फसत नाही. ती सोडून तू पश्चिमेला गेलीस, कारण उत्तरेचा उजेड तुला पुरेनासा झाला. पाकिटावरचा पत्ता पाटीसारखा. अहवालातली अक्षरं मुंगीएवढी, जी सगळ्यांना वाचता येतात. आणि तिरीप गेल्यावर अर्धा तास पांढरं धुकं. आत्या, तिरीप गेली की धडधाकट डोळा मिनिटभरात सावरतो, हे मला माझ्या कामामुळे ठाऊक आहे. ते धुकं पॅनेलाचं नाही. पॅनेलं मी बारा अंश काय, पन्नास अंश फिरवीन, तरी ते जाणार नाही. मला वाटतं तो मोतीबिंदू आहे, आणि तो काढता येतो. दोन वर्षं तू एकटीने उजेडामागे टेबल सरकवत बसलीस आणि कोणाला सांगितलं नाहीस, कारण सांगायला जी होती ती पिशवी उचलून निघून गेली होती.

रागाव, हवं ते बोल, पण डॉक्टरला दाखव. मी सुनावणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी येते. चांगला आठवडाभर राहीन. घंटा वाजवीन. नाही उघडलंस तर कुलूपवाला आहेच.

अजूनही तुझीच,
टाचणी


१९ मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र कुलूपवाल्याला दिलं नाही. भिंग लावून स्वतः वाचलं, दोन दिवस लागले. म्हणून उत्तराला उशीर.

पहिल्या दिवशी खूप राग आला. तू चुकलीस म्हणून नाही, चुकणं धाग्याधाग्याला होतं. पहिल्या पत्रात तू मला शहाणपण शिकवत होतीस आणि स्वतःचं नाव गिळून बसली होतीस, त्याचा आला. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझी ही खोड आहे. बशी फोडायची आणि मग मला काच कशी उचलायची ते समजावत बसायचं.

दुसऱ्या दिवशी राग उतरला. सही गेली त्याचं वाईट वाटलं. पण तू आपणहून जाऊन सांगितलंस हे बरं केलंस. सुनावणीत मी उभी राहणार आणि मला जे दिसतं ते सांगणार, नऊ बारा ते नऊ सदतीस. लबाड हा शब्द वगळला आहे. कुलूपवाला हिरमुसला आहे, त्याची दाढी फुकट गेली.

डोळ्यांचं तू बरोबर ओळखलंस. डॉक्टरकडे वेळ घेतली आहे, सत्तावीस तारखेची. मला भीती वाटते, टाचणे. सुईची कधी वाटली नाही, पण ही वाटते. तू सोबत असशील तर जाईन.

आता तुझ्या अहवालाबद्दल. चूक कळल्यावर मी ते पान शोधून भिंगाखाली धरलं, जिथे माझ्या खोलीचा नकाशा आहे. कुलूपवाल्याने मला नुसता मजकूर वाचून दाखवला होता, नकाशा मी पाहिलाच नव्हता. उत्तरेच्या खिडकीशी एक ठिपका, उंची एकशे पंधरा. ती मी. त्याच्या बाजूला आणखी एक ठिपका आहे, उंची ऐंशी. कुलूपवाला म्हणाला, छपाईची चूक असेल, इतक्या बुटक्या उंचीवर कोण बसतं? त्या खोलीत त्या उंचीवर कोण बसून गृहपाठ करायचं ते मला माहीत आहे. त्या ठिपक्यापुढेही तू लिहिलं आहेस, वर्षभरात शून्य मिनिटं.

शून्य बरोबर आहे. ठिपका चुकला आहे. तुझं स्टूल एका जागी कधीच नव्हतं. तेव्हा समोर बसकं गोदाम होतं, आणि तू शाळेतून यायचीस त्याच वेळी पश्चिमेचं ऊन थेट आत घुसायचं. ते दर पंधरवड्याला सरकतं. म्हणून तू यायच्या आधी मी स्टूल चार बोटं हलवून ठेवायची, तुझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. उन्हाळ्यात कपाटाकडे, हिवाळ्यात दाराकडे. पाच वर्षं, तू टेबलाशी खुर्चीवर बसायला लागेपर्यंत. तुझ्या कधी लक्षात आलं नाही, आणि मला ते तसंच हवं होतं.

बुधवारी ये. घंटा वाजवू नकोस, दार लोटलेलं असेल.

तुझी आत्या